एका दिवसाची शुगर आणि तीन महिन्यांची शुगर



गेल्या दिवाळीनंतर कन्नड तालुक्यातल्या एका गटाच्या मीटिंगला गेले होते. हप्ते जमा झाले, सह्या-अंगठे झाले आणि एका मावशींनी पिशवीतून कागद काढून माझ्यापुढे धरला. "बघा मॅडम, उपाशीपोटी ११८. नॉर्मल आली. गोळ्या बंद केल्या मी." मलाही बरं वाटलं. पण शेजारी बसलेल्या ताईनं हळूच सांगितलं की तपासणीच्या आधी दोन दिवस मावशींनी भात आणि चहातली साखर सोडली होती, आणि आदल्या रात्री तर जेवल्याच नव्हत्या. मावशी हसल्या. "तपासायचं म्हटल्यावर थोडं सांभाळावं लागतं ना!"

त्यांच्या पायाच्या अंगठ्याला महिनाभरापासून जखम होती. चप्पल लागली, एवढंच म्हणायच्या. मी समाजकार्य शिकलेली आहे, डॉक्टर नाही. त्यामुळे तिथे त्यांना काय सांगावं हे मला सुचलं नाही. नंतर आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांना विचारलं, आणि जे समजलं ते इथे लिहितेय.

हे आपल्या गटातलंच उदाहरण घेऊन सांगते. एखादी ताई तीन महिने हप्ता चुकवते, आणि ऑडिटच्या दिवशी शेजारणीकडून हातउसने घेऊन पैसे भरते. त्या दिवशी पेटी बघितली तर सगळं चोख. पण रजिस्टर उघडलं की कळतं. उपाशीपोटीची शुगर म्हणजे त्या दिवसाची पेटी. रजिस्टर बघायचं असेल तर वेगळी तपासणी आहे, तिला एचबीए१सी म्हणतात. लॅबमध्ये 'तीन महिन्यांची शुगर' म्हटलं तरी कळतं.

ती चालते कशी? आपल्या रक्तातल्या लाल पेशींत हिमोग्लोबिन असतं. रक्तात फिरणारी साखर त्याला चिकटते, आणि एकदा चिकटली की पेशी मरेपर्यंत सहसा सुटत नाही. लाल पेशी साधारण १२० दिवस जगते. म्हणून शंभरातलं किती हिमोग्लोबिन साखरेनं माखलंय हे मोजलं, की मागच्या दोन-तीन महिन्यांचा हिशोब मिळतो. शेवटच्या महिन्याचा त्यात वाटा जास्त, पण दोन दिवसांच्या उपासानं हा आकडा हलत नाही. या तपासणीला उपाशी जायची गरजही नाही. शुगरच्या रुग्णांचं हिमोग्लोबिन वेगळं दिसतं हे १९६८ मध्ये तेहरानच्या सॅम्युएल रहबर यांच्या लक्षात आलं, तिथून ही तपासणी पुढे आली.

आता आकडे. ५.७ च्या खाली असेल तर शुगर नाही. ५.७ ते ६.४ म्हणजे उंबरठ्यावर. ६.५ किंवा वर म्हणजे शुगर, पण डॉक्टर सहसा दुसऱ्यांदा तपासून खात्री करतात. ज्यांना शुगर आहेच त्यांनी साधारण ७ च्या खाली ठेवायचा प्रयत्न करायचा. वयस्कर माणसांना किंवा ज्यांची शुगर एकदम उतरते त्यांना डॉक्टर ८ पर्यंतही चालवून घेतात. ७ म्हणजे रोजची सरासरी १५४ च्या आसपास, ८ म्हणजे १८३, ९ म्हणजे २१२.

एका आकड्यानं काय बिघडतं, असं वाटेल. ब्रिटनमध्ये हजारो रुग्णांवर झालेल्या मोठ्या अभ्यासाचा निकाल १९९८ मध्ये आला. एका गटाचा आकडा ७.० राहिला, दुसऱ्याचा ७.९. एवढ्याशा फरकानं डोळे, किडनी अशा बारीक रक्तवाहिन्यांचे त्रास पाव हिश्शानं कमी झाले.

पण बायांनो, या रजिस्टरमध्येही चूक होऊ शकते, आणि ती आपल्या बायकांच्या बाबतीतच जास्त. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के बायकांच्या अंगात रक्त कमी निघालं. अंगात लोह कमी असेल तर हा आकडा खऱ्यापेक्षा जास्त दिसू शकतो. उलट, अंगावरून खूप रक्त गेलं असेल, रक्त चढवलं असेल किंवा लोहाच्या गोळ्या नुकत्याच सुरू झाल्या असतील तर नव्या पेशी जास्त असतात, आणि आकडा कमी दिसतो. सिकलसेल असेल तरी गडबड होते. म्हणून रिपोर्ट दाखवताना हिमोग्लोबिन किती आहे आणि लोहाच्या गोळ्या चालू आहेत का, हे डॉक्टरांना आपणहून सांगा. गरोदरपणात तर ग्लुकोज पाजून दोन तासांनी करतात ती तपासणीच करायची.

दुसरी गोष्ट, सरासरीत चढ-उतार लपतात. सकाळी गोळी घेऊन उपाशी कापूस वेचायला गेलं, अकराला हात थरथरले, घाम फुटला, आणि रात्री शुगर ३०० वर, तरी सरासरी चांगली दिसू शकते. थरथर सुटली की तीन चमचे साखर पाण्यात घालून लगेच प्या, मग बाकीचं. यासाठी बोटातली तपासणीही लागतेच. शुगर असलेल्यांसाठी उपाशीपोटी ८० ते १३० आणि जेवण सुरू केल्यापासून दोन तासांनी १८० च्या खाली, हा साधारण अंदाज.

काही गटांनी मिळून ग्लुकोमीटर घेतलाय, छान केलंत. फक्त सुई प्रत्येकीची वेगळी आणि नवी हवी, तीच सुई दुसरीला टोचायची नाही. गूळ-केळं खाल्लेल्या हातानं तपासलं तर मशीन भलताच आकडा दाखवतं, हात साबणानं धुऊन कोरडे करा. पट्ट्यांची डबी घट्ट बंद ठेवा. मे महिन्यात पत्र्याच्या घरात त्या खराब होतात, माठाजवळ ठेवल्या तर ओल लागते. सावलीतलं कोरडं फडताळ बरं.

तिशीच्या पुढच्या सगळ्यांची शुगर-बीपी तपासणी आयुष्मान आरोग्य मंदिरात मोफत होते. तीन महिन्यांची शुगर प्रत्येक ठिकाणी होईलच असं नाही. आधी आशाताईंना विचारा, नाहीतर भाडं वाया जातं. शुगर आहे त्यांनी ती वर्षातून दोनदा तरी करावी, औषध बदललं असेल तर तीन महिन्यांनी.

मावशींची तपासणी झाली. ९.८. हिमोग्लोबिन ८.४ होतं, म्हणून डॉक्टरांनी नुसत्या त्या आकड्यावर भरवसा ठेवला नाही, जेवणानंतरची शुगर सलग चार दिवस बघितली. ती २६० च्या वरच. मग गोळ्या परत सुरू झाल्या, लोहाच्याही. जखमेचं ड्रेसिंग दीड महिना चाललं. परवा भेटल्या तेव्हा अंगठा दाखवला, कातडी धरलीय. पुढची तपासणी पोळ्याच्या आधी आहे, आणि त्यांनी मला आत्ताच बजावलंय, "या खेपेला रोजच्यासारखं जेवून जाणार बघा."