ठिपक्यांचा हिशेब

वर्तमानपत्रात छापलेले एखादे छायाचित्र घेऊन त्यावर साधे भिंग धरले, म्हणजे मोठे चमत्कारिक दृश्य दिसते. उघड्या डोळ्यांना जेथे गालावरची मऊ सावली दिसत होती, तेथे नुसते काळे ठिपके दिसू लागतात. सावली गडद असेल तेथे ठिपके मोठे आणि एकमेकांना भिडलेले. उजेड असेल तेथे ते टाचणीच्या टोकाहूनही बारीक. करडा रंग म्हणून कोठे शोधूनही सापडत नाही. सापडावा तरी कसा? छापणाऱ्याने शाई वापरली ती काळीच. ठिपक्यांच्या मधून कोरा कागद डोकावत असतो, आणि दुरून पाहणारा डोळा काळ्यापांढऱ्याचे मिश्रण करून त्याची छटा बनवतो.

या युक्तीस हाफटोन असे म्हणतात. दि. ४ मार्च १८८० रोजी न्यूयॉर्कच्या ‘डेली ग्राफिक’ या वृत्तपत्राने गरिबांच्या झोपडवस्तीचे एक छायाचित्र या रीतीने छापले होते. आपल्या देशात कोलकात्याचे उपेंद्रकिशोर रायचौधुरी (१८६३–१९१५) यांनी या विद्येचा सखोल अभ्यास केला व त्यावरील त्यांचे लेख इंग्लंडमधील मुद्रणविषयक वार्षिकात प्रसिद्ध झाले. चित्रपट दिग्दर्शक सत्यजित राय यांचे ते आजोबा. मुलांच्या पुस्तकांतील आपली चित्रे चांगली छापली जावीत, या तळमळीतून ते या शास्त्राकडे वळले होते.

घरातील किंवा शाळेतील प्रिंटरही ठिपक्यांनीच चित्र काढतो. एका इंचाच्या लांबीत त्याला किती जागी ठिपका ठेवता येतो, हे सांगणाऱ्या आकड्यास ‘डीपीआय’ म्हणतात. १९८४ साली बाजारात आलेल्या एचपी कंपनीच्या पहिल्या लेझरजेट प्रिंटरची क्षमता ३०० डीपीआय होती. इंचात ३०० ठिपके म्हणजे चौरस इंचात ९०,०००. आकडा ६०० झाला की चौरस इंचात ३,६०,००० ठिपके होतात. म्हणजे आकडा दुप्पट, पण ठिपके चौपट.

तथापि ६०० डीपीआय म्हणजे छायाचित्राचे इंचात ६०० निरनिराळे कण, असा अर्थ कोणी घेऊ नये. साध्या लेझर प्रिंटरला एका जागी ठिपका ठेवता येतो किंवा ती जागा कोरी सोडता येते. अर्धा काळा ठिपका त्याच्यापाशी नसतो. मग करडी छटा आणावयाची कशी? त्यासाठी तो ठिपक्यांचे गट करतो. आठ ओळी व आठ रांगा यांचा एक गट मानला, तर त्यात चौसष्ट जागा होतात. त्यांपैकी एकही न भरण्यापासून सर्व भरण्यापर्यंत पासष्ट छटा मिळतात. परंतु इंचातील ६०० जागांना आठांनी भागले की उरतात केवळ ७५ गट. वर्तमानपत्रातील चित्रांत इंचाला साधारणतः ८५ ओळी असतात व गुळगुळीत कागदाच्या मासिकांत १३३ ते १५०, हे ध्यानी घेतले म्हणजे ७५ हा आकडा किती लहान आहे ते कळते. चांगले प्रिंटर ठिपके अधिक कौशल्याने विखरून हा दोष पुष्कळसा झाकतात. तरी छटेचे मोल ठिपक्यांनीच चुकवावे लागते. अक्षरांची गोष्ट वेगळी. अक्षराला छटा नको असते, त्याला हवी असते धार. म्हणूनच ज्या प्रिंटरवर धडा सुरेख छापला जातो, त्याच प्रिंटरवर वर्गाचे छायाचित्र कधीकधी भरड दिसते.

जाहिरातींतील आकडे मात्र याहून पुष्कळ मोठे असतात. शाईचे थेंब उडवणाऱ्या इंकजेट प्रिंटरच्या खोक्यावर ‘५७६० बाय १४४०’ असे छापलेले आढळते. हा आकडा खोटा नसतो; पण तो मोजतो काय, हे पाहावे लागते. ठिपक्यांची रांगोळी काढताना चिमटीतून पडणारा ठिपका वाटाण्याएवढा असेल आणि दोन ठिपक्यांत अंतर मोहरीएवढे ठेवले, तर ठिपके एकमेकांवर चढून त्यांचा पट्टाच होईल. येथेही तसेच घडते. इंचात ५७६० जागा मानल्या, तर दोन जागांमधील अंतर मिलिमीटरच्या सव्वादोनशेव्या भागाइतके येते. शाईचा थेंब मात्र त्याच्या दुपटीहून जाड असतो, आणि कागदावर पडताच तो आणखी पसरतो. सारांश, तो आकडा थेंब किती बारीक पावलांनी ठेवता येतो ते सांगतो. थेंब किती बारीक आहे ते सांगत नाही. या बारीक पावलांमुळे छटा मऊ होतात, एवढा लाभ खरा. ‘१२०० दर्जाची छपाई’ अशा शब्दांकडेही असेच सावधपणे पाहावे. आतले यंत्र ६०० डीपीआयचे असून ठिपक्यांचे आकार बदलून कडा गुळगुळीत केलेल्या असू शकतात. साध्या कागदाचे तंतू शाई शोषून पसरवतात, ही आणखी एक अडचण. तिचा उल्लेख जाहिरातीत सहसा नसतो.

या हिशेबाचे महत्त्व एखाद्या घरी फार प्रकर्षाने जाणवते. आजोबांचे एकच जुने छायाचित्र शिल्लक असते, तेही दोन इंच उंचीचे. ते दहा इंचांचे करून भिंतीवर लावावयाचे ठरते. दुकानात ते ३०० डीपीआयने स्कॅन केले, तर चित्राच्या उंचीत ६०० बिंदू मिळतात. हे चित्राचे बिंदू, म्हणजे पिक्सेल. प्रिंटरचे ठिपके निराळे. तेच ६०० बिंदू दहा इंचांवर पसरले की इंचाला उरतात अवघे साठ. हातभर अंतरावरून पाहणाऱ्या निरोगी डोळ्याला इंचात सुमारे ३०० बिंदूंपर्यंतचा बारकावा कळू शकतो. त्यापुढे साठ फारच थोडे. १२०० डीपीआयचा प्रिंटर अशा एकेका बिंदूवर चारशे ठिपके खर्च करील, पण आजोबांच्या भुवया धूसरच राहतील. तेच छायाचित्र प्रथम १२०० डीपीआयने स्कॅन केले, तर २४०० बिंदू मिळतात आणि मोठ्या चित्रात इंचाला २४० येतात. डोळ्यांतील चमक, फेट्याची घडी त्यांत उतरू शकते. अर्थात मूळ कागदावरच एखादा भाग पुसट झाला असेल, तर तेथे आजोबांचा चेहरा नव्हे, कागदाचे तंतू तेवढे अधिक स्पष्ट दिसतील.