कोंबडीच्या रश्श्यात काय काय घालता?

नांदूरघाटहून पुण्याला निघताना दादींनी डब्यात धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी बांधून घेतली. "जेवायला हॉटेलात जायचंय ना?" आम्ही म्हटलं. "तिथलं जमलं नाही तर?" त्या म्हणाल्या. शंका रास्त होती. लेक आम्हाला नेणार होती ते साधं हॉटेल नव्हतं, फ्रेंच बिस्त्रो होतं.

लेक रानडे इन्स्टिट्यूटमध्ये फ्रेंच शिकते. पुणे विद्यापीठाचा परकीय भाषांचा विभाग फर्ग्युसन कॉलेज रस्त्यावरच्या या जुन्या आवारात आहे. "फ्रेंच शिकून पोरगी करणार काय?" असं गावात अजूनही विचारतात. शिकवण्या घेऊन मिळालेल्या पहिल्या पैशांतून घरच्यांना फ्रेंच जेवण द्यायचं तिने ठरवलं. आम्ही खुशीने हो म्हटलं. मनात मात्र एक गोष्ट होती, ती बोललो नाही. मैत्रिणींबरोबर ती अशा ठिकाणी जाते, तिथे काय खाते? विचारून खाते का? आईबापांनी हे विचारावं तर लेकीवर अविश्वास दाखवल्यासारखं होतं, न विचारावं तर झोप लागत नाही.

बिस्त्रो म्हणजे खरं तर आपल्या खानावळीचाच भाऊबंद. जागा लहान, टेबलं जवळजवळ, आज काय शिजलंय ते फळ्यावर खडूने लिहिलेलं. जुन्या पद्धतीत एकजण गल्ल्यावर, दुसरं चुलीपाशी, असा नवरा-बायकोचाच संसार असे. १८१४ साली पॅरिसमध्ये शिरलेले रशियन सैनिक 'बिस्त्रा, बिस्त्रा', म्हणजे 'लवकर, लवकर', असं ओरडत, त्यावरून हे नाव पडलं अशी एक गोष्ट सांगतात. पण हा शब्द छापलेला सापडतो तो १८८० नंतरच, त्यामुळे भाषेचे अभ्यासक ती गोष्ट फारशी मानत नाहीत. आम्हाला जास्त भावली ती लेकीने सांगितलेली दुसरी हकीकत. पॅरिसमधली अशी पुष्कळ दुकानं ओव्हेर्न्य नावाच्या डोंगराळ, गरीब मुलखातून आलेल्या लोकांनी काढली. आधी ते शहरात घरोघर पाणी आणि कोळसा पोचवायचे. मग कोळशाच्या दुकानातच दोन टेबलं टाकून दारू विकू लागले, पुढे बायकोच्या हातचं जेवण. हे ऐकून दादी म्हणाल्या, "म्हणजे आपल्या बीडसारखंच की. गावात पिकत नाही म्हणून बाहेर पडायचं." आमच्याकडचे ऊस तोडायला जातात, तिकडचे कोळसा वाहायला गेले.

कोरेगाव पार्कातल्या त्या जागेत आम्ही शिरलो तेव्हा दादींनी पदर डोक्यावर नीट केला आणि खुर्चीच्या काठावर बसल्या. शेजारच्या टेबलावर वाइनचे ग्लास होते. त्या दोनदा तिकडे बघून लेकीला हळूच म्हणाल्या, "पूछ लेव, बेटा."

लेकीने आधीच हात वर केला होता. वेटर आल्यावर तिने आवाज न चोरता, जसं पाणी मागावं तसं विचारलं, "आम्ही मुसलमान आहोत. मटण-चिकन हलाल आहे का? आणि कशाकशात वाइन किंवा डुकराचं मांस आहे, ते आत विचारून सांगाल का?" शेजारच्या टेबलावरचं बोलणं क्षणभर थांबलं. आमचेच कान तापले. तिचे नाही.

पोरगा आत जाऊन आला आणि सगळं खरं सांगितलं. मांस हलाल असल्याची खात्री देता येत नाही. 'कॉक ओ व्हँ' म्हणजे कोंबडीच, पण ती लाल वाइनमध्येच शिजते. कांद्याच्या सूपमध्ये मांसाचं पाणी आणि वाइन. काही सॅलडवर डुकराच्या मांसाचे बारीक तळलेले तुकडे. बिस्त्रोच्या जेवणात हीच अडचण आहे. दारू ग्लासात असली तर दिसते तरी, इथे ती रश्श्यात असते. 'शिजल्यावर उडून जाते हो' असं पुष्कळ जण सांगतात, तेही पुरतं खरं नाही. अमेरिकेच्या कृषी खात्याच्या तक्त्याप्रमाणे पदार्थात मिसळून १५ मिनिटं शिजवलं तर सुमारे ४० टक्के अल्कोहोल उरतं, अडीच तासांनंतरही ५ टक्के. आपल्यासाठी प्रश्न टक्क्यांचा नाही, पण समोरच्याला उत्तर देताना आकडा माहीत असलेला बरा. गोडातही पाहावं लागतं. युरोपात बरंचसं जिलेटिन डुकराच्या कातडीपासून करतात. क्रेम कॅरामेल मात्र अंड्यावर जमतं, त्यात जिलेटिन लागत नाही.

मग उरलं काय? बरंच उरलं. पिठात घोळवून लोण्यात परतलेला, लिंबू पिळलेला मासा. त्यासाठी वेगळं तेल-लोणी आणि स्वच्छ तवा घ्यायचं त्यांनी कबूल केलं. आणि रातातुई. वांगी, टोमॅटो, ढोबळी मिरची आणि काकडीसारखी दिसणारी झुकिनी, ऑलिव्हच्या तेलात मंद शिजवलेली. दक्षिण फ्रान्समधल्या नीस शहराकडची भाजी. दादींनी एक घास घेतला. "वांगं बरं शिजवलंय. लसूण कमी." काटा डाव्या हातात धरायची तिकडची रीत त्यांना पटेना. लेकीने तुकडे करून दिले आणि काटा त्यांच्या उजव्या हातात ठेवला. शेवटी ताटलीत लोणी-लिंबाचा रस राहिला, तेव्हा दादींनी पावाचा तुकडा मोडला आणि थबकल्या. "पुसा दादी," लेक म्हणाली, "बिस्त्रोत सगळे असंच पुसून खातात." ताट स्वच्छ करून उठणं ही आपल्याकडे सुन्नत. दादींनी ताटली अशी लख्ख केली की वेटर हसला.

तो पोरगा धाराशिवकडचा निघाला. दादींनी त्याला घर, जमीन, आई सगळं विचारलं आणि निघताना धपाट्यांचा डबा उघडून त्याच्यासमोर धरला. त्याने इकडेतिकडे बघून दोन उचलले.

बिल आमच्या हिशेबाने आठवड्याच्या किराण्याएवढं झालं. लेकीने ते आम्हाला पाहू दिलं नाही, पण आम्ही पाहिलं.

चहासाठी डेक्कनला कॅफे गुडलकमध्ये गेलो. १९३५ पासूनचं हे इराणी हॉटेल, ज्याच्यावरून त्या चौकालाच गुडलक चौक म्हणतात. इराणी हॉटेलांची ती ओळखीची वाकवलेल्या लाकडाची खुर्ची मूळची व्हिएन्नाच्या थोनेट कारखान्याची, १८५९ सालची; पॅरिसच्या बिस्त्रोंतही तीच खुर्ची पोचली, असं लेक सांगत होती. आमचं अर्धं लक्ष तिच्या बोलण्यात, अर्धं तिच्या चेहऱ्याकडे.

"मघाशी तू इतक्या लोकांत विचारलंस," आम्ही शेवटी म्हणालोच, "अवघड नाही वाटत?"

"पहिल्यांदा वाटलं होतं, अब्बा. त्या दिवशी न विचारता उपाशीच परत आले. मग दुसऱ्यांदा विचारलं."

बनमस्का आला. दादींनी तो हातात घेतला, उलटून पाहिला आणि पोऱ्याला थांबवलं, "बेटा, यात काय काय घालता?"