लेखक ऑनलाइन, वकील काळजीत

‘बॅबिलॉन ५’ ही अमेरिकी विज्ञान मालिका पडद्यावर येण्याआधीच तिचे निर्माते-लेखक जे. मायकेल स्ट्रॅझिन्स्की प्रेक्षकांशी गप्पा मारू लागले होते. १९९० च्या दशकाची ती सुरुवात. वेब अजून घराघरांत पोचलं नव्हतं. फोनच्या तारेला मोडेम जोडून ‘जीनी’ किंवा ‘यूजनेट’सारख्या ऑनलाइन चर्चामंचांवर जावं लागे.

पहिला टीव्हीपट १९९३ मध्ये दाखवला गेला. पुढे ११० पैकी ९२ भाग एकट्याने लिहीत असतानाही स्ट्रॅझिन्स्की चाहत्यांना उत्तरं देत राहिले. बजेट, कलाकार, कथेतले धागेदोरे, कशावरही बोलत. टोमणा आला तर परतफेडही रोखठोक असे. खाली सही फक्त ‘जेएमएस’.

पण एक पथ्य कडक होतं: चाहत्यांनी मालिकेसाठी कथा सुचवायच्या नाहीत. कारण कायदेशीर. उद्या तसाच भाग दिसला, तर ‘माझी कल्पना ढापली’ असा दावा ठोकला जाऊ शकतो.

नेमका तसाच पेच ‘पासिंग थ्रू गेथसेमनी’ या भागाने आणला. शिक्षा म्हणून स्मृती पुसलेला खुनी आता साधू झालाय आणि त्याचा भूतकाळ त्याच्यासमोर उभा राहतो, असं हे कथानक. एका चाहत्याने मिळतीजुळती कल्पना जाहीरपणे मांडली आणि लेखकाला आपलीच कथा बाजूला ठेवावी लागली. त्या चाहत्याने हक्क नसल्याचं लेखी दिल्यावरच १९९५ मध्ये तो भाग झळकला.

पुढे यूजनेटवर चाळणी लावलेला स्वतंत्र गट निघाला. तिथे स्वयंसेवक प्रत्येक मजकूर आधी तपासत आणि कथाकल्पना बाहेरच रोखत.