पायथनमधील पॅकेजांचा गुंता
पायथन भाषा शिकायला सोपी. पण दुसऱ्याने लिहिलेले पॅकेज बसवताना नवशिक्याची दमछाक होते. २००० साली भाषेसोबत पॅकेजेस बसवण्याचे ‘डिस्टयुटिल्स’ हे साधन आले. त्याच्या उणिवा भरून काढण्यासाठी २००४ मध्ये ‘सेटअपटूल्स’, २००८ मध्ये ‘पिप’ आणि पुढे ‘कोंडा’, ‘पोएट्री’, ‘यूव्ही’ अशा साधनांची रांगच लागली. जुन्या साधनांचे धडे मात्र इंटरनेटवर तसेच राहिले. २०२३ मधील ३.१२ आवृत्तीतून ‘डिस्टयुटिल्स’ काढले गेले आणि त्यावर विसंबलेली अनेक जुनी पॅकेजेस बसेनाशी झाली. शिवाय दोन प्रकल्पांना एकाच पॅकेजच्या वेगवेगळ्या आवृत्त्या लागू शकतात; म्हणून प्रत्येकासाठी स्वतंत्र ‘व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट’, म्हणजे पॅकेजेस ठेवण्याची वेगळी जागा, हवी. ही सर्वांत महत्त्वाची गोष्ट नवशिक्याला बहुधा उशिरा कळते, हे खेदजनक आहे. सुरुवातीला पायथनसोबत येणारे ‘पिप’ आणि अशी वेगळी जागा तयार करणारे ‘व्हेन्व्ह’ पुरेसे असतात.