नटवलेली गाडी आणि कायदा

पसरणी घाट चढून महाबळेश्वरला निघालेल्या गाड्यांत नटवलेली गाडी लगेच उठून दिसते. मालक म्हणतो, गाडी माझी, हौस माझी. समोरून येणाऱ्याचे मत वेगळे असते. पावसाळी धुक्यात झगझगीत पांढरे एलईडी लावले की उजेड धुक्यावरच आपटून परततो, आणि दोघांनाही वळण दिसत नाही.

मोटार वाहन कायद्याच्या कलम 52नुसार उत्पादकाच्या मूळ रचनेत बदल करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2019मध्ये तेच बजावले. दंड प्रत्येक बदलामागे 5000 रुपये किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद. रंग बदलायला हरकत नाही, पण आरसीवर नोंद हवी.

खरा वाद काळ्या काचांचा. पुढची-मागची काच किमान 70 टक्के आणि बाजूच्या 50 टक्के पारदर्शक हव्यात. 2012मध्ये सर्वोच्च न्यायालयाने फिल्मवर बंदीच घातली. पुढे नियम बदलले, आणि 2024मध्ये केरळ उच्च न्यायालयाने प्रमाणित फिल्म चालेल असे म्हटले. चौकातला हवालदार हे मान्य करेलच असे नाही.

पुढचा लोखंडी बुलबार मात्र रुबाबापुरताच. धडकेत तो पादचाऱ्याला जास्त इजा करतो, एअरबॅगच्या सेन्सरलाही चकवू शकतो. केंद्राने डिसेंबर 2017मध्येच त्यावर कारवाई करायला राज्यांना सांगितले होते.

राहिली नंबरप्लेट. 4141चे आकडे वळवून ‘दादा’ लिहिणे ही अस्सल मराठी कला खरी, पण तीही बेकायदाच.