शंका घ्यावी, पण कशी?

‘विश्वाचा जन्म बघायला कोण गेलं होतं?’ असं वर्गात कुणी विचारलं, तर त्याला गप्प बसवू नये. महास्फोट सिद्धांताविषयी आम्हा वैज्ञानिकांनीही शंका घेतल्या आहेत. १९४८ मध्ये हॉईल, बाँडी आणि गोल्ड यांनी स्थिर स्थिती सिद्धांत मांडला. विश्व प्रसरण पावते, पण नवे द्रव्य सतत निर्माण होत असल्याने त्याचे रूप बदलत नाही. म्हणजेच ते पूर्वी कधीही अतिउष्ण नव्हते.

१९६५ मध्ये पेंझियस आणि विल्सन यांनी सर्व दिशांनी येणाऱ्या सूक्ष्मलहरींचा शोध जाहीर केला. त्यांचे तापमान सुमारे २.७ केल्विन आहे. उष्ण आरंभाची उरलेली ऊब म्हणून त्यांचा सहज उलगडा होतो. स्थिर स्थितीत तो होत नव्हता. १९९३ मध्ये हॉईल, बर्बिज आणि जयंत नारळीकर यांनी सुधारित सिद्धांत मांडला आणि या लहरींचा उगम ताऱ्यांच्या प्रकाशात शोधला. बहुतेकांना तो पटला नाही. पण ती शंका निरीक्षणांना सामोरी गेली.

बघायला कुणी गेले नव्हते, हे खरे. पण तेव्हाचे प्रारण आजही आपल्यापर्यंत पोचते. म्हणून विद्यार्थ्याला आपण एवढेच विचारू या : तुझी शंका खरी असेल, तर आकाशात काय वेगळे दिसायला हवे?