खलनायकाची आखणी

धरमतरचा पूल ओलांडून वडखळमार्गे पेणला आलात, तर गणपतीच्या एखाद्या कारखान्यात डोळ्यांची आखणी चाललेली जरूर पाहा. मूर्ती एकाच साच्यातल्या. पण भुवईची रेघ अंमळ वर गेली, बुबुळ जरा खाली उतरलं, की एक प्रसन्न दिसते आणि दुसरी करारी. पडद्यावर एकाच देहात दोन माणसं वागवणारा खलनायकही असाच घडवतात.

याचा सर्वांत हुशार नमुना १९३१ चा आहे. रूबेन मामूलियन यांच्या ‘डॉ. जेकिल अँड मिस्टर हाइड’मध्ये फ्रेडरिक मार्चचा सज्जन डॉक्टर आपल्या डोळ्यांदेखत काळवंडत दुष्ट हाइड होत जातो, आणि मध्ये कुठेही कट नाही. हाइडच्या सुरकुत्या, डोळ्यांखालची वर्तुळं चेहऱ्यावर आधीच रंगवलेली असत, पण लाल रंगात. भिंगापुढे लाल फिल्टर असेपर्यंत कृष्णधवल फिल्मवर तो रंग त्वचेइतकाच उजळ उमटतो, म्हणजे दिसतच नाही. फिल्टर हिरव्याकडे सरकवत नेला, की तीच रेघ काळी पडते. छायालेखक कार्ल स्ट्रस यांनी ही युक्ती १९२५ च्या ‘बेन हर’मध्ये उलटी वापरली होती, कुष्ठरोग बरा होताना दाखवायला. पुढे हाइडला सुळे फुटतात, अंगभर केस येतात. तिथे माझा तरी रस संपतो.

रंगीत फिल्मवर हे जमत नाही. लाल फिल्टर लावला तर अख्खं दृश्यच लाल होतं. मग भार येतो नटाच्या मानेवर, नजरेवर, चालीवर. ‘गोलमाल’मध्ये (१९७९) अमोल पालेकर एका मिशीच्या जोरावर दोन भाऊ खपवतात खरे, पण तिथे मालक भवानीशंकरचं फसणं हीच गंमत आहे.

खलनायकाला ती सवलत नाही. आचार्य अत्रे यांच्या ‘तो मी नव्हेच’ या नाटकात (१९६२) प्रभाकर पणशीकर निपाणीचा तंबाखू व्यापारी लखोबा लोखंडे होत, आणि कॅप्टन अशोक परांजपे, राधेश्याम महाराज हे त्याचे अवतारही. फिरत्या रंगमंचावर त्याच्या खटल्याचं कोर्ट जाऊन पुढचा प्रवेश बघता बघता उभा राही. तेवढ्यात चढेल-उतरेल असाच वेष हवा. शेवटच्या रांगेपर्यंत पापणीची हालचाल पोचत नाही, तेव्हा बोलण्याची ढब आणि उभं राहण्याची तऱ्हा मिशीपेक्षा कामाची. त्यात अट दुहेरी. भामटा इतका बदलला पाहिजे, की त्याच्याशी लग्न करून फसलेल्या बायका मूर्ख वाटू नयेत. आणि प्रेक्षकाला मात्र दर वेळी लखोबाच दिसला पाहिजे, नाहीतर आरोपीच्या पिंजऱ्यातून तो सगळं साफ नाकारतो तेव्हा कोणाला हसूही येणार नाही आणि चीडही.